तुंब्यावरून उचललेला हात

आमच्या ऑर्केस्ट्रात मी तुंबा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मग तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. स्टेजवर ढोलकीवाल्याच्या मागे, उजव्या कोपऱ्यात माझी जागा. आमचे मास्तर म्हणायचे, "तू नुसती भर दे रे." गाणं उभं करायचं ढोलकीनं आणि ड्रमसेटनं, मध्ये कुठे पोकळ वाटलं तर तेवढं तुंब्यानं बुजवायचं. अकरा वर्षं मी ते काम केलं आणि मनापासून केलं. बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची, कातडं सैल पडलं की पान्यानं नट आवळायचे, रात्री घरी आल्यावर सुजलेले तळवे गार पाण्यात बुडवून बसायचं. सवयच झाली होती.

तुंबा हा शब्द मला आपल्याच मातीतला वाटायचा. तंबोऱ्याचा भोपळा, सतारीचा तुंबा, त्यातलंच काहीतरी. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की ज्या वाद्याला जग कोंगा म्हणतं त्याला क्युबात तुंबादोरा म्हणतात आणि बोलताना नुसतं तुंबा. म्हणजे आमच्या स्टेजवरचा ढोलकीच्या मागचा तो शब्द हवानाचा होता! अर्धी पृथ्वी पार करून तो माझ्या हाताखाली येऊन उभा राहिला होता आणि मला पत्ता नव्हता.

हे सगळं ज्याच्यामुळे कळलं त्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे. जेरी गोन्सालेस. ट्रंपेट वाजवायचा आणि कोंगाही वाजवायचा. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा एकदा सुट्टीला आला तेव्हा, "मामा, तुझ्या तुंब्याची सीडी आहे," म्हणून एक डबी हातात ठेवून गेला. 'रुंबा पारा मंक', १९८९ ची. थेलोनियस मंक या जॅझमधल्या थोर पियानोवादकाच्या आठ रचना जेरीनं रुंब्याच्या, म्हणजे क्युबातल्या ढोलांवरच्या नाचगाण्याच्या, अंगानं वाजवल्या होत्या. मंकचं नाव मी जेमतेम ऐकलं होतं, जेरीचं तर नव्हतंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फक्त कोंगा ऐकला, साहजिकच. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ट्रंपेट ऐकला. तिसऱ्यांदा डबीतला कागद नीट वाचला आणि लक्षात आलं, की हे दोन्ही एकच माणूस वाजवतोय. मग मी ती सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

तुंबा वाजवलेल्या माणसाला हे ऐकून पहिल्यांदा हातच आठवतात. कोंग्यावर अर्धा तास जीव तोडून वाजवलं की बोटं फुगतात, टोकं बधिर होतात. तीच बोटं उचलून ट्रंपेटच्या तीन वॉल्व्हवर ठेवायची, म्हणजे जिथे वॉल्व्ह अर्धवट दाबला गेला तरी सूर बिघडतो तिथे. आणि ओठ? ट्रंपेटला ओठांची ताकद रोजच्या रोज राखावी लागते, श्वास शांत लागतो. कोंगा श्वास पळवतो. एकाच माणसानं, एकाच रचनेत, ही दोन्ही कामं करायची, आणि दोन्ही अव्वल दर्जाची.

जेरीचा जन्म ५ जून १९४९ चा, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला. वाढला ब्रॉन्क्समध्ये. घरचे मूळचे प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे. वडील लॅटिन बँडमध्ये गायचे, त्यामुळे घरात गाणं, ताल, रेकॉर्डी हे जेवणाखाण्यासारखंच होतं. पाठचा भाऊ अँडी, १९५१ चा. त्यानं डबल बास धरला आणि आयुष्यभर जेरीच्या शेजारी उभा राहिला. 'हायस्कूल ऑफ म्यूझिक अँड आर्ट' या न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत जेरी शिकला. पण खरं शिक्षण झालं ते ब्रॉन्क्समधल्या घराच्या तळघरात. तिथे मंडळी जमायची. क्युबाचे जुने रुंबे, सॉन नावाची तिथली नाचगाणी, बाता ढोलांवरचे देवाचे ठेके आणि त्याच्याच शेजारी जॅझवाले, ट्रंपेटचा माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनचा कोल्ट्रेन, मंक. १९६० च्या दशकात अमेरिकेनं क्युबाशी व्यवहार तोडला होता, तिथली नवी रेकॉर्ड सहज मिळत नव्हती. म्हणून रेने लोपेससारख्या संग्राहकाकडच्या जुन्या तबकड्या हा या पोरांचा खजिना होता. एखादी ओवी आजीच्या तोंडून उतरवून घ्यावी तशी ती पोरं एकेक ठेका उतरवून घेत होती.

त्या तळघरातूनच 'ग्रुपो फोल्क्लोरिको इ एक्स्पेरिमेंताल न्वेवायोर्किनो' असं लांबलचक नाव असलेला जथा बाहेर पडला. १९७५ मध्ये त्यांची 'कॉन्सेप्ट्स इन युनिटी' ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड आली. त्यात जुने क्युबन उस्ताद आणि विशीतली न्यूयॉर्कची पोरं मांडीला मांडी लावून बसली आहेत. ट्रंपेटवर आल्फ्रेदो आर्मेन्तेरोस, ज्याला सगळे 'चोकोलाते' म्हणत. हे नाव वाचून मी थबकलो, कारण आपल्याकडेही एक चॉकलेट होऊन गेला. गोव्यातल्या हळदोण्याचा आन्तोनियो शाव्हियेर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमासंगीतात गाजलेला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचा, उजवा हात. १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आणि त्याच्या आदल्याच वर्षी 'समाधी'त आलेलं 'गोरे गोरे ओ बांके छोरे' हे लॅटिन ढंगाच्या एका अमेरिकन गाण्यावरून घेतलेलं आहे. मूळ गाण्याच्या नावातच प्वेर्तो रिको आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात हे गाणं दर कार्यक्रमात व्हायचं आणि माझ्या तुंब्याला त्यात जरा मोकळा वाव असायचा. जेरी गोन्सालेस तेव्हा रांगत होता. इतकं जवळून ते आपल्याजवळून गेलं होतं.

असो, ब्रॉन्क्सकडे परत जाऊ.

कोंगा आणि ट्रंपेट यांची जॅझमधली गाठ जेरीच्या आधीची आहे. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी या ट्रंपेटवादकानं आपल्या बँडमध्ये हवानाचा चानो पोसो हा कोंगावादक घेतला. त्या दोघांना गाठ घालून दिली मारिओ बाउसा या क्युबन ट्रंपेटवादकानं. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. 'मान्तेका' ही त्यांची रचना आजही अंगावर काटा आणते. पण १९४८ च्या डिसेंबरमध्ये हार्लेममधल्या एका बारमध्ये चानोला गोळी घालून मारलं. जेमतेम सव्वा वर्षाचा तो संग होता. बावीस वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच डिझीच्या शेजारी कोंग्यावर एकवीस वर्षांचा जेरी बसला. चानो ज्या जागी होता ती जागा. आणि याच्या पेटीत ट्रंपेटही होता. मला नेहमी वाटतं, दोन माणसांत मिळून जे घडलं होतं ते एका अंगात उतरायला तेवढी वर्षं लागली.

पुढे एडी पाल्मिएरी या पियानोवादकाच्या बँडमध्ये काही वर्षं, मग तालवादक मॅनी ओकेंदो आणि अँडी यांच्या 'लिब्रे' या बँडमध्ये. आणि मग स्वतःची पहिली रेकॉर्ड, १९८० ची, 'या यो मे कुरे'. म्हणजे 'आता मी बरा झालो'. किप हॅनरहानच्या 'अमेरिकन क्लावे' या छोट्याशा लेबलनं ती काढली. या रेकॉर्डवर मंकची 'एव्हिडन्स' आहे, आणि तिच्यासाठी तरी ती प्रत्येक तालवाल्यानं ऐकावी. 'एव्हिडन्स' ही चमत्कारिक रचना आहे. तिला वाहती चाल अशी नाहीच. एक सूर इथे, एक तिथे, मध्ये मोकळी जागा, पुन्हा दोन सूर. जणू भिंतीत कुठे कुठे ठोकलेले खिळे. मंकनं त्या मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवल्या होत्या. जेरीनं त्यांच्याखाली ढोल सोडले आणि एकदम कळतं, की ते खिळे भलत्या जागी नव्हतेच. त्यांच्यावर टांगायचं वस्त्र आधीपासून कुणाकडे तरी होतं.

ते वस्त्र म्हणजे क्लावे. हे जरा नीट सांगतो, कारण याच्याशिवाय जेरी कळत नाही, आणि आपल्याला ते कळायला सोपंही आहे. सोळा मात्रा मोजा, आपल्या तीनतालासारख्या. पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. ही सॉनची क्लावे. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, दुसऱ्या आठांत दोन. तीनतालात टाळ्या पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला आणि नवव्याला खाली. म्हणजे पहिली आणि तेरावी एवढ्याच दोन जागी आपली आणि त्यांची गाठ पडते. आता यातली सातवीवरची टाळी काढा आणि आठवीवर द्या. बाकी काही हलवू नका. झाली रुंब्याची क्लावे. एक मात्रा सरकली, पण सगळा तोलच बदलतो. पाय पुढे टाकला आणि जमीन किंचित उशिरा लागली, असं वाटतं. मी कितीतरी दिवस लोकलमध्ये मांडीवर हे वाजवत बसायचो आणि माझा हात सातवीवरच पडायचा.

दोन लाकडी दांड्यांवर ही क्लावे वाजवतात, पण ती प्रत्यक्ष वाजलीच पाहिजे असं नाही. सगळ्यांच्या डोक्यात ती चालू असते, आणि गाणारा, ट्रंपेटवाला, बासवाला, सगळेच तिच्या अंगानं जातात. उलटं गेलं की जाणकार लगेच मान हलवतो. ग्वाग्वांको या रुंब्यात तीन ढोल असतात. तळाचा तुंबा ठेका धरून असतो, मधला त्याला उत्तर देतो, आणि वरच्या सुराचा किंतो बोलत राहतो. नाचणाऱ्याशी, गाणाऱ्याशी, कधी कधी कुणाशीच नाही. भर देणारा तिथे कुणीच नाही. अकरा वर्षं जे वाद्य मी पोकळी बुजवायला वापरलं, ते त्याच्या मूळ घरी बोलायचं काम करत होतं. हे समजलं त्या दिवशी मला माझ्या तुंब्याची अक्षरशः माफी मागावीशी वाटली.

जेरीच्या बँडचं नाव 'फोर्ट अपाची'. हे नाव साधं नाही. दक्षिण ब्रॉन्क्समध्ये एक पोलीस ठाणं होतं, एक्केचाळिसाव्या हद्दीचं. १९७० च्या दशकात तो भाग जळत होता. घरमालकांनी विम्यासाठी लावलेल्या आगी, बँकांनी त्या वस्तीला कर्ज द्यायचं बंद केलेलं, मधोमध वस्ती फाडून गेलेला महामार्ग, बंद पडलेली अग्निशमन केंद्रं. गल्लीच्या गल्ल्या राख झाल्या. त्या ठाण्यातले पोलीस आपल्या ठाण्याला शत्रूच्या मुलखातला किल्ला म्हणून 'फोर्ट अपाची' म्हणायचे. १९८१ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, पॉल न्यूमनचा, आणि प्वेर्तो रिकन व काळ्या वस्तीला त्यात केवळ गुन्हेगार म्हणून दाखवलं म्हणून लोकांनी निदर्शनं केली. जेरीनं तेच नाव उचललं आणि आपल्या बँडला लावलं. तुम्ही ज्याला किल्ला म्हणता तिथे आम्ही राहतो आणि तिथून हे संगीत येतं. त्यानं याचं कुठे भाषण केलं असेल-नसेल, रेकॉर्डीच्या पाठीवर ते नाव छापलं, एवढं पुरेसं होतं.

सुरुवातीला हा बँड मोठा होता. १९८२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात ध्वनिमुद्रित झालेली 'द रिव्हर इज डीप' आणि १९८८ मधली झुरिकची 'ओबाताला' या दोन्हींत तालवाद्यांची गर्दी आहे. खरं सांगायचं तर 'ओबाताला' मला थोडी दाटीवाटीची वाटते. ओबाताला या देवाच्या नावानं सगळे एकदम दारात आल्यासारखी. मग माणसं कमी झाली. जेरी, अँडी, पियानोवर लॅरी विलिस, ड्रमवर स्टीव बेरिओस, आणि सॅक्सोफोनवर कधी कार्टर जेफरसन, कधी जॉन स्टबलफील्ड, जो फोर्ड. माझ्या मते हा बँड या लहान घरात आल्यावर मोठा झाला. 'अर्थडान्स', 'क्रॉसरोड्स', 'पेन्सातिवो', आणि १९९६ ची 'फायर डान्स', जी वॉशिंग्टनच्या 'ब्लूज अ‍ॅली' या क्लबमध्ये लोकांसमोर वाजली.

या लहान बँडमध्ये कोंगा एकटा जेरीच वाजवतो. माझं सगळं ऐकणं इथे येऊन थांबतं. स्टुडिओत एकावर एक मुद्रण करता येतं. आधी कोंगा, मग त्यावर ट्रंपेट. पण लोकांसमोर वाजवताना माणसाला हात दोनच. जेरी समोर चार-पाच कोंगे मांडून उभा असतो. कोंग्यावरून त्यानं हात उचलला, ट्रंपेट तोंडाला लावला, की कोंगा बंद. ऐकताना ती जागा कळते. तालाच्या खालचा एक थर अचानक निघून जातो, आणि आपल्याला वाटतं आता इमारत डुगडुगणार. ती डुगडुगत नाही. अँडीचा बास आणि बेरिओसचे ड्रम ती क्लावे तशीच पुढे नेतात. बेरिओस तर एका क्षणी क्लावेत असतो आणि पुढच्या क्षणी जॅझच्या चालत्या लयीत, आणि बदल कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आणि वर जेरीचा ट्रंपेट सुरू होतो तो असा, की नुकतेच थांबलेले हातच आता ओठांनी वाजवतायत.

तो फार उंच सुरांचा, फटाके फोडणारा ट्रंपेटवाला नव्हता. मधल्या सप्तकात राहायचा. भोंग्याच्या तोंडात आवाज दाबणारा म्यूट खुपसून, माइल्सकडून आलेल्या त्या कोरड्या, जवळून कुजबुजल्यासारख्या आवाजात तो संथ रचना वाजवायचा, तेव्हा याच माणसानं पाच मिनिटांपूर्वी कातडं फाडायचं बाकी ठेवलं होतं हे खरं वाटत नाही. पण लक्ष देऊन ऐका. तो सूर धरतो कुठे, सोडतो कुठे? सोडायच्या जागा कोंगावादकाच्या आहेत. एखादा सूर तो वाजवतच नाही, आणि ती न वाजलेली जागा थापेसारखी ऐकू येते. 'रुंबा पारा मंक'मधली 'बाय-या' ऐका. मंकनं १९५२ मध्ये ती पहिल्यांदा मुद्रित केली तेव्हा ड्रमवर आर्ट ब्लेकी होता आणि तिच्यात कॅरिबियन वारा आधीच होता. मंकचं बालपण न्यूयॉर्कच्या ज्या सान हुआन हिल वस्तीत गेलं तिथे वेस्ट इंडीजची कुटुंबं शेजारीपाजारी होती. म्हणून मला जेरीनं मंकला रुंब्याचा पोशाख चढवला असं म्हणवत नाही. शेजारघरी पाहुणा म्हणून राहिलेलं मूल त्यानं परत आणलं, असं वाटतं. ब्लेकीचंही ऋण त्यानं पुढे २००५ मध्ये 'रुंबा बुहाइना'त फेडलं. बुहाइना हे ब्लेकीचं मुस्लिम नाव.

२००० मध्ये फेर्नान्दो त्रुएबा या स्पॅनिश दिग्दर्शकाचा 'काये ५४' हा लॅटिन जॅझवरचा सिनेमा आला. न्यूयॉर्कच्या ५४ व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत एकेका कलाकाराला वाजवताना त्यानं टिपलं. तितो पुएंते, काचाओ, बाप-लेक बेबो आणि चुचो वाल्देस. त्यात 'फोर्ट अपाची'ही आहे. सिनेमाच्या निमित्तानं जेरी माद्रिदला गेला आणि तिथेच राहिला. पन्नाशी उलटल्यावर, ज्या शहरात नाव झालं ते सोडून, नव्या गल्लीत. तिथे त्याला फ्लामेंकोवाले, म्हणजे स्पेनचं पारंपरिक गिटार-गाणं करणारे, भेटले. नीन्यो होसेलेची गिटार, पिरान्याचा काहोन, दिएगो एल सिगालाचा गळा, आणि त्यांच्यासोबत 'लॉस पिरातास देल फ्लामेंको' ही रेकॉर्ड. काहोन म्हणजे लाकडी खोका, त्यावर बसून वाजवायचा. तो मूळचा पेरूतल्या काळ्या लोकांचा. पाको दे लुसिया या गिटारवादकानं १९७० च्या दशकाच्या शेवटी तो फ्लामेंकोत आणला. म्हणजे स्पेनमध्येही जेरीला भेटलं ते समुद्र ओलांडून आलेलं तालवाद्यच. या रेकॉर्डमध्ये नेहमीचा ड्रमसेट-पियानोचा संसार नाही. गिटार, खोका आणि त्याचा तो कुजबुजता ट्रंपेट. मला ती रात्री उशिरा लावावीशी वाटते, दिवे मालवून.

१ ऑक्टोबर २०१८ रोजी माद्रिदच्या लावापिएस भागातल्या त्याच्या घरात आग लागली. धुरानं तो गेला. वय ६९. ब्रॉन्क्स जळत असताना जो तिथे राहिला, वाजवत राहिला, त्याला धुरानं माद्रिदमध्ये गाठावं, हे मला अजून पचलेलं नाही. स्टीव बेरिओस २०१३ मध्येच गेला होता. लॅरी विलिस २०१९ मध्ये गेला. अँडी २०२० च्या एप्रिलमध्ये, जग दारं लावून बसलं होतं तेव्हा. 'काये ५४'मध्ये 'अर्थ डान्स' वाजवणारी ती मंडळी बघताना आता छातीत काहीतरी हलतं. अँडी भावाकडे बघतही नाही. त्याला बघायची गरज नसते.

माझा तुंबा बरीच वर्षं माळ्यावर होता. परवा काढला. कातड्याला धूळ, नट गंजलेले. तेल सोडून, पान्यानं आवळून सुरात आणला. आधी नुसती रुंब्याची क्लावे तोंडानं म्हणत राहिलो. एक, चार, आठ, अकरा, तेरा. हात सातवीवर जायचा, जुनी खोड. आठ-दहा आवर्तनांनी थाप आठवीवर बसली आणि बसली ती बसलीच. मग 'फायर डान्स' लावली आणि हळू हळू त्याच्या खाली वाजवू लागलो. कोंगा कुठे थांबणार ते मला आता पाठ आहे. ती जागा आली, त्यानं हात उचलला, मीही उचलला. ट्रंपेट सुरू झाला.

आतून बायकोचा आवाज आला, "थांबलात का हो?"